विमानाचा ठिपका किती खरा? नाशिकच्या गच्चीवरून तपासायची रीत

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या मापन-कक्षात काम करतो. दिवसभर हातात मायक्रोमीटर, डायल गेज, स्लिप गेज. कुणी नुसतं ‘२५.०३’ असं माप लिहून आणलं तर आमचा पहिला प्रश्न असतो, अधिक-उणे किती? दुसरा प्रश्न, गेज कॅलिब्रेट कधी झालंय?

भाच्याच्या हौसेपायी इंदिरानगरच्या गच्चीवर विमानांचे संदेश पकडणारा रिसीव्हर बसवला. नकाशावर ठिपके सरकू लागले तसा तो म्हणाला, “मामा, बघा, हे विमान आत्ता बरोब्बर पांडवलेण्यांवर आहे.” बरोब्बर म्हणजे अधिक-उणे किती, हे मला सांगता येईना. ते शोधताना जे कळलं, जे करून पाहिलं, ते इथे क्रमाने मांडतो. साहित्य फार लागत नाही, चिकाटी मात्र लागते.

आधी हे कळू द्या: कशासाठी मोजायचं

रडारच्या देखरेखीत मार्गावरच्या दोन विमानांत साधारण ५ नॉटिकल मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर अंतर राखतात. विमानतळाच्या जवळच्या टप्प्यात सोय चांगली असेल तर ते ३ नॉटिकल मैलांपर्यंत, म्हणजे साडेपाच किलोमीटरपर्यंत आणता येतं. एवढं आडवं अंतर नसेल तर उंचीत १,००० फुटांचा फरक हवा. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात हा फरक पूर्वी २,००० फूट असे. भारतात तो २००३ मध्ये १,००० वर आला.

सव्वानऊ किलोमीटर ऐकायला भरपूर वाटतं. पण समोरासमोर येणारी दोन विमानं साडेचारशे नॉटने, म्हणजे ताशी साडेचारशे नॉटिकल मैलांनी, उडत असतील तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला ४६३ मीटरने कमी होतं. म्हणजे ५ मैल २० सेकंदांत संपतात. नियंत्रकाच्या लक्षात येणं, त्याने बोलणं, वैमानिकाने ऐकून विमान वळवणं, हे सगळं त्या वीस सेकंदांत बसवायचं. त्यात ठिपकाच दोन किलोमीटर चुकीचा असेल तर हाताशी उरलं काय?

१२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली आणि ३४९ माणसं गेली. कझाक विमान ठरलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरलं होतं. दिल्लीचं तेव्हाचं रडार विमानाची उंची दाखवू शकत नव्हतं. नियंत्रकाला दोन ठिपके जवळ येताना दिसत होते, पण ते वर-खाली आहेत की एकाच पातळीवर, हे पडद्यावरून कळायला मार्ग नव्हता. वैमानिक रेडिओवर सांगेल तीच उंची खरी धरायची.

पहिली पायरी: गच्चीवरची जोडणी

विमानाचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे विमानातलं संदेश पाठवणारं यंत्र, १०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा, उंची, वेग आणि ओळख सतत सांगत असतो. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. जागेचा संदेश सेकंदाला साधारण दोनदा येतो. तो ऐकायला टीव्हीसाठी बनलेल्या चिपचा यूएसबी डोंगल, रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक किंवा जुना लॅपटॉप आणि छोटी अँटेना पुरते. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. डम्प१०९० आणि त्याच घराण्यातलं रीड-एसबी ही दोन नावं लक्षात ठेवा. पुढच्या तपासणीला रीड-एसबी जास्त सोयीचं.

अँटेना घरी करता येते. या लहरीची लांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर, तिचा चौथा भाग ६.९ सेंटिमीटर. एन-टाइप कनेक्टरच्या मधल्या पिनेला त्या लांबीची तांब्याची तार उभी झाळा आणि चार कोपऱ्यांना तेवढ्याच चार तारा खाली ४५ अंशांत वाकवून लावा. मी तारा व्हर्नियरने मोजून कापल्या. एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी चालतं.

माझी खरी चूक केबलमध्ये झाली. अँटेना टाकीच्या वर आणि डोंगल खाली बैठकीत, मध्ये १५ मीटर बारीक कोअॅक्स. या फ्रिक्वेन्सीला तसली केबल मीटरमागे अर्ध्या डेसिबलहून जास्त खाते. खाली पोचेपर्यंत संदेशाची ताकद दहाव्या हिश्श्यावर आली होती आणि दूरची विमानं दिसतच नव्हती. डोंगल आणि रास्पबेरी पाय दोन्ही झाकणबंद डब्यात घालून अँटेनेच्या खालीच ठेवले आणि वर फक्त वीज नेली, तेव्हा चित्र पालटलं. डबा सावलीत ठेवा, नाशिकचा एप्रिल डोंगलला सोसत नाही. कनेक्टरवर रबरी सेल्फ-बाँडिंग टेप गुंडाळा, नाहीतर आषाढात त्यात पाणी शिरतं. शेजारच्या इमारतीवर मोबाइल टॉवर असेल तर १०९० चा फिल्टर लावल्याशिवाय डोंगल गुदमरतो.

किती लांबचं ऐकू येईल? मधे डोंगर नसेल तर ३५,००० फुटांवरचं विमान सव्वाचारशे किलोमीटरपर्यंत. पश्चिमेला अंजनेरी आणि ब्रह्मगिरी आडवे येतात, त्यामुळे मुंबईकडे खाली उतरलेली विमानं नाशिकमधून पटकन हरवतात. हा तुमच्या रिसीव्हरचा दोष नव्हे. पूर्वेला, निफाड-येवल्याच्या बाजूला मोकळं आहे.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्याकडे देवळालीची तोफखान्याची हद्द आहे, गांधीनगरला लष्कराचा हवाई तळ आहे आणि ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. आपलं उपकरण फक्त ऐकणारं असावं. बसवण्याआधी दूरसंचार विभागाचे चालू नियम वाचून घ्या. लष्करी विमानाचा संदेश आलाच तर तो साठवू नका, कुणाला दाखवू नका.

दुसरी पायरी: स्वतःचं घड्याळ आणि स्वतःची जागा

गेज तपासण्याआधी आम्ही मास्टर, म्हणजे ज्याच्याशी गेज ताडून पाहायचं ते प्रमाण माप, तपासतो. इथे मास्टर दोन, घड्याळ आणि तुमच्या अँटेनेचे अक्षांश-रेखांश. जागा फोनवरून घ्या, पण मोकळ्या आकाशाखाली दहा मिनिटं थांबून, पाच-सहा वाचनांची सरासरी काढा. घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळतंय ना, हे रोज पाहा.

एका आठवड्यात मला एकामागून एक विमानं सातशे मीटर मागे दिसू लागली. सगळी एकाच दिशेने चुकलेली, म्हणजे दोष माझ्याकडे हवा, हे मापनातल्या माणसाला लगेच कळायला हवं होतं. मी दोन संध्याकाळी विमानांचे आकडे चाळत बसलो. शेवटी लॅपटॉपचं घड्याळ तीन सेकंद चुकलेलं निघालं. साडेचारशे नॉटचं विमान सेकंदाला २३१ मीटर जातं, त्याला तीनने गुणा.

तिसरी पायरी: ठिपक्याऐवजी वर्तुळ वाचा

इथे घाई करू नका, सगळा गाभा इथेच आहे.

नकाशावर ठिपका दिसतो, पण विमान त्याबरोबर आपल्या अनिश्चिततेचे आकडेही पाठवतं. रीड-एसबी हे आकडे ‘एअरक्राफ्ट डॉट जेसन’ नावाच्या फाइलमध्ये विमानागणिक लिहितं. ओळख २४ बिटांच्या कोडने होते, भारतीय नोंदणीच्या विमानांचा कोड ८० ने सुरू झालेला दिसेल. त्या ओळीत तीन आकडे शोधा: नॅक-पी, निक आणि सिल.

नॅक-पी म्हणजे अचूकता. हा आकडा ८ असेल तर विमानाची खरी जागा सांगितलेल्या जागेपासून ९३ मीटरांच्या आत असण्याची शक्यता ९५ टक्के. ९ असेल तर ३० मीटर, १० असेल तर १० मीटर. ९५ टक्के हा शब्द नीट वाचा. शंभरातली पाच वाचनं त्या वर्तुळाबाहेर असली तरी विमान खोटं बोललेलं नाही.

निक म्हणजे भरवसा. त्याचं वर्तुळ मोठं असतं. निक ८ म्हणजे १८५ मीटर, निक ७ म्हणजे ३७० मीटर. याचा अर्थ असा: विमान या वर्तुळाबाहेर गेलं आणि विमानातल्या यंत्रणेला ते कळलंच नाही, असं होण्याची शक्यता अगदी नगण्य आहे. नगण्य म्हणजे किती, ते सिल सांगतं. सिल ३ म्हणजे उड्डाणाच्या एका तासामागे एक कोटीत एक, किंवा त्याहूनही कमी.

अचूकता आणि भरवसा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आमच्याकडे नवशिका मुलगा डिजिटल व्हर्नियरवर तीन दशांश पाहून खूश होतो. व्हर्नियरचा शून्य सरकलेला असेल तर ते तीन दशांश काय कामाचे? इथेही तसंच आहे. जागेचा संदेश अक्षांश-रेखांशांसाठी १७-१७ बिटांत कोंबलेला असतो, त्याचं लीस्ट काउंट, म्हणजे दाखवता येणारं सर्वांत छोटं माप, सुमारे ५ मीटर येतं. नकाशावर पाच मीटरचे टप्पे दिसतात म्हणून जागा पाच मीटरपर्यंत खरी, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. नियंत्रकाला पाच मीटरची गरजच नसते. जागा अर्धा मैल चुकली तर ते यंत्रणेने स्वतःहून ओरडून सांगावं, ही त्याची गरज असते. म्हणून सिल ३ पण निक ७ असलेलं विमान मला नॅक-पी १० पण सिल ० असलेल्या विमानापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं.

ढोबळ कसोटी हवी असेल तर अमेरिकेची घ्या. तिथे १ जानेवारी २०२० पासून ठरलेल्या हवाई क्षेत्रात उडायला नॅक-पी किमान ८, निक किमान ७ आणि सिल ३ लागतं. नाशिकवरून जाणाऱ्या विमानांना तीच चाळणी लावून पाहा.

तुलनेसाठी रडारही हिशेबात घ्या. रडारची चूक मुख्यतः कोनात असते आणि कोनाची चूक अंतराबरोबर फुगत जाते. मुंबई विमानतळापासून नाशिक सरळ रेषेत १४० किलोमीटर. तिथे रडार आहे आणि त्याची कोनातली चूक अंशाचा दहावा भाग आहे असं समजा. नाशिकवर ती आडव्या दिशेने २४४ मीटर होते, त्याच्या निम्म्या अंतरावर निम्मी. एडीएस-बीची चूक अंतराने वाढत नाही. पण रडार विमानाच्या जीपीएसवर अवलंबून नसतं, आणि हे त्याचं मोठेपण आठव्या पायरीत कळेल.

चौथी पायरी: ठिपक्याचं वय

प्रत्येक ओळीत जागा किती सेकंदांपूर्वीची हे लिहिलेलं असतं. तो आकडा वेगाने गुणा आणि वर्तुळात मिळवा. दोन सेकंद जुनी जागा म्हणजे आणखी ४६० मीटर. लांब पल्ल्याच्या रडारचा पंखा एक फेरा दहा-बारा सेकंदांत पुरा करतो, म्हणजे दोन ठिपक्यांच्या मध्ये विमान सव्वादोन ते पावणेतीन किलोमीटर पुढे गेलेलं असतं. पंधरा सेकंदांपेक्षा जुनी ओळ मी हिशेबात घेतच नाही.

पाचवी पायरी: दोन संदेशांची उलटतपासणी

विमान जागा सांगतं आणि वेगही सांगतं. दोन्ही एकमेकांशी जुळतात का पाहा. नाशिकच्या अक्षांशावर एक अंश अक्षांश म्हणजे ११०.७ किलोमीटर आणि एक अंश रेखांश म्हणजे १०४.६ किलोमीटर.

नमुना हिशेब: विमान २०.०५००, ७३.९००० वरून १३ सेकंदांत २०.०७००, ७३.९२०० वर गेलं. उत्तरेला २.२१ किलोमीटर, पूर्वेला २.०९ किलोमीटर. वर्ग करून मिळवा, वर्गमूळ काढा: ३.०५ किलोमीटर. भागिले १३, सेकंदाला २३४ मीटर, म्हणजे ४५५ नॉट. संदेशातला वेग ४५० ते ४६० मध्ये असेल तर ठीक. तो ३८० निघाला किंवा मधेच ठिपक्याने दोन किलोमीटरची उडी मारली, तर ओळीवर तांबडी खूण करा. स्प्रेडशीटमध्ये हा हिशेब एकदा बसवला की पुन्हा हात लावावा लागत नाही.

सहावी पायरी: उंचीच्या जोड्या

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी. तिच्याकडे फार कमी लोक पाहतात, याची मला खंत वाटते.

विमानाची उंची हवेच्या दाबावरून मोजतात. वरच्या पट्ट्यात सगळ्यांनी उंचीमापक १०१३.२५ हेक्टोपास्कलवर ठेवायचा असतो. आपल्याकडे हवा उबदार, त्यामुळे ३५,००० फूट सांगणारं विमान जीपीएसने मोजलं तर हजार-दीड हजार फूट, कधी त्याहूनही जास्त वर असतं. त्याने बिघडत नाही, कारण त्या भागातली सगळी विमानं सारखीच वर असतात आणि आपसातला १,००० फुटांचा फरक टिकतो.

एकाच विमानाचा उंचीमापक चुकला तर मात्र पंचाईत होते. दुय्यम रडारला, म्हणजे ट्रान्सपॉन्डरचं उत्तर वाचणाऱ्या रडारला, उंची त्याच मापकातून येते. एडीएस-बीला त्यातूनच. टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेलाही त्यातूनच. नियंत्रक, शेजारचं विमान आणि स्वतः वैमानिक, तिघेही तीच चुकीची उंची खरी मानतात. आडव्या जागेला रडारची साक्ष आहे, उंचीला रोजच्या कामात दुसरा साक्षीदार नाही.

गच्चीवरून तो साक्षीदार उभा करता येतो. ओळीत दाबाची उंची आणि जीपीएसची उंची दोन्ही येतात. एकाच पातळीवरून, पंधरा-वीस मिनिटांच्या आत, तीस-चाळीस किलोमीटरच्या टापूतून गेलेली दोन-तीन विमानं निवडा. दोन उंचींमधला फरक काढा. समजा, पहिल्याचा १,४५० आला, दुसऱ्याचा १,५००, तर जुळलं. दोन्ही आकडे २५ फुटांच्या टप्प्यात येतात आणि जीपीएसची उभी चूक आडव्यापेक्षा मोठी असते, म्हणून शंभर फुटांचा फरक माफ. तिसऱ्याचा ११०० आला तर त्याचा कोड वहीत लिहा.

लगेच निष्कर्ष काढू नका. तेच विमान आठवड्यात पुन्हा जाईल, पुन्हा काढा. पाच-सहा वेळा तोच तुटवडा दिसला तरच त्याला अर्थ आहे. आंतरराष्ट्रीय नियमाने या पट्ट्यात उडणाऱ्या विमानाची उंचीमापनातली चूक २४५ फुटांच्या वर जाता कामा नये. जगभरातल्या देखरेख संस्था एडीएस-बीच्या नोंदींवरून याच धर्तीचा हिशेब करतात, हवामानाची बारीक आकडेवारी जोडून.

सातवी पायरी: दोन ठिपके जवळ दिसले तर

नकाशावर दोन ठिपके एकमेकांवर चढलेले दिसतील, रोज दिसतील. आधी उंची पाहा, १,००० फूट फरक असेल तर विषय संपला. तोही नसेल तर दोन्हींचं वय आणि वर्तुळ पाहा. शिवाय विमानतळाजवळ अंतराचे नियम वेगळे असतात, वैमानिकाला पुढचं विमान डोळ्यांनी दिसत असेल तर आणखी वेगळे. असा स्क्रीनशॉट ‘टक्कर थोडक्यात टळली’ म्हणून पुढे पाठवणं हा ज्यांच्या हातात ते काम आहे त्यांच्यावर अन्याय आहे. मी एकही पाठवलेला नाही.

आठवी पायरी: जीपीएस बिघडलंय का

एकाच विमानाचा नॅक-पी शून्यावर गेला तर त्याच्या रिसीव्हरचा दोष धरा. एकाच टापूत पाच-सात विमानांचा एकदम गेला आणि टापू ओलांडल्यावर परत आला, तर खालून कुणीतरी जीपीएस दाबून टाकतंय असं समजा. भारतीय नागरी विमान महासंचालनालयाने अशा हस्तक्षेपाबद्दल नोव्हेंबर २०२३ मध्ये परिपत्रक काढलं आहे.

यापेक्षा घातक प्रकार म्हणजे खोटं जीपीएस. त्यात नॅक-पी चांगलाच राहू शकतो आणि जागा मात्र भलतीच असते. तिथे विमानाचे स्वतःचे आकडे उपयोगाचे नाहीत, बाहेरचं माप लागतं. नियंत्रकांकडे रडार असतं. चार-पाच रिसीव्हरांनी एकाच संदेशाची पोचण्याची वेळ मोजून जागा काढण्याची रीतही आहे. एक मायक्रोसेकंद म्हणजे ३०० मीटर, तेव्हा घड्याळं किती जुळलेली हवीत ते बघा. सिन्नर, निफाड आणि दिंडोरीचे हौशी लोक एकत्र आले तर हे जमेल.

एकट्याला जमेल असं बाहेरचं माप पुढे आहे.

नववी पायरी: ओळंबा

गवंडी वापरतात तसे दोन ओळंबे घ्या. गच्चीवर दोन-अडीच मीटरांच्या अंतराने उंचावरून लटकवा. वाऱ्याने हलू नयेत म्हणून वजनं पाण्याच्या बादल्यांत बुडालेली ठेवा. रात्री दोन्ही दोऱ्या आणि ध्रुवतारा एका रेषेत येतील अशा जुळवा. नाशिकमध्ये ध्रुव क्षितिजापासून २० अंशांवर दिसतो, उत्तरेची इमारत फार उंच नको. ध्रुव खऱ्या उत्तरेपासून जास्तीत जास्त पाऊण अंश सरकतो, तेवढं चालेल.

आता एका दोरीमागे दुसरी झाकली जाईल असे दक्षिणेकडच्या दोरीमागे बसा आणि वर पाहा. तुमच्यासमोर उभी उत्तर-दक्षिण भिंत तयार झाली. पूर्व-पश्चिम जाणारं विमान दोऱ्यांमागे गेलं त्या क्षणी त्याचा रेखांश तुमच्या रेखांशाएवढा असलाच पाहिजे. फोन दोऱ्यांच्या रेषेत टेकवून व्हिडिओ घ्या आणि सुरुवातीला जुळवलेलं घड्याळ त्यात दाखवा, म्हणजे क्षण नंतर शांतपणे ठरवता येतो. आवाजाच्या मागे जाऊ नका. दहा किलोमीटरवरून आवाज यायला तीस सेकंद लागतात, तोवर विमान सात किलोमीटर पुढे गेलेलं असतं.

मग नोंदी उघडा. तुमच्या रेखांशाच्या अलीकडचा आणि पलीकडचा संदेश घ्या, त्यांच्यामधून प्रमाणाने वेळ काढा. ती वेळ आणि व्हिडिओतली वेळ यांच्यातला फरक वेगाने गुणा.

अधिक-उणे किती? घड्याळ आणि क्षण ओळखण्यात अर्धा सेकंद, म्हणजे ११५ मीटर. नजर आणि दोरीची जाडी मिळून ५० मीटर. ध्रुवाचे ६०. विमानाच्या आत संदेश तयार होण्यात जाणाऱ्या वेळेचे शे-दीडशे. सगळं एकाच बाजूला साठलं तरी साडेतीनशे मीटरांच्या आसपास. म्हणजे नॅक-पी ८ सांगणाऱ्या विमानाचे ९३ मीटर माझा ओळंबा तपासू शकत नाही. पण खोट्या जीपीएसने ते विमान पाच मैल दुसरीकडे दाखवलं असतं तर दोरीने ते चाळीस सेकंद आधी किंवा नंतर पकडलं असतं.

पावसाळ्यात हे जमत नाही. दिवाळीनंतर आकाश धुतल्यासारखं होतं आणि सकाळी उंचावरच्या पांढऱ्या रेघांमुळे विमान लांबून दिसतं, तेव्हा सुरू करा. वहीत तारीख, कोड, पातळी, नॅक-पी, निक, सिल, दोरीची वेळ आणि संदेशाची वेळ एवढे रकाने आखा. शेवटचा रकाना अधिक-उण्यासाठी ठेवा, आणि तो भरल्याशिवाय ओळ पुरी झाली असं धरू नका.